चार कुटुंबे, तीन गाड्या, दोन रात्री: शेजाऱ्यांसोबत ठाण्याहून भंडारदऱ्याला तंबूत राहण्याची तयारी

एकाच इमारतीतल्या तीन-चार कुटुंबांनी मिळून तंबूत राहायला जायचे ठरवले, की सर्वात आधी तंबूंची चौकशी सुरू होते. माझ्या अनुभवाने हा क्रम उलटा आहे. तंबू भाड्याने मिळतात, उसने मिळतात, ऐन वेळी एखादा फाटला तरी गाडीत झोपता येते. पण कोणते काम कोणाचे आणि कोणत्या वेळी कोणत्या मुलाकडे कोणी बघायचे, हे ठाण्यात ठरले नाही तर तलावाच्या काठावर ते ठरत नाही.

वर्तकनगरच्या आमच्या इमारतीतली चार कुटुंबे पहिल्यांदा अशी गेली, तेव्हा माझा सहा वर्षांचा मुलगा दहा मिनिटे कोणालाच दिसत नव्हता. मला वाटत होते की तो समोरच्या वहिनींबरोबर आहे, त्यांना वाटत होते की तो आजोबांजवळ बसला आहे, आणि आजोबा तर डोळे मिटून पडले होते. मुलगा गाड्यांच्या मागे एकटाच दगड रचत बसलेला सापडला आणि काही बिघडले नाही. पण पाणी तिथून पन्नास पावलांवर होते. पुढे सांगितलेली बरीचशी व्यवस्था त्या दहा मिनिटांतून आलेली आहे.

तीन आठवडे आधी: बैठक

सर्व मोठी माणसे एकदा एका घरी चहाला जमावीत. फोनवरच्या गटात संदेश टाकून ही बैठक उरकू नये, कारण तिथे सगळे अंगठा दाखवतात आणि जबाबदारी कोणीच घेत नाही. बैठकीत पाच कामे पाच माणसांच्या नावावर लिहावीत: जागा ठरवणे व फोन करणे, स्वयंपाकाची यादी, तंबू व अंथरूण-पांघरूण, औषधे, आणि हिशेब. एका कामाला एकच नाव असावे. मदतनीस कितीही चालतील, पण विचारायचे कोणाला हे स्पष्ट असले पाहिजे.

पैशांबद्दल संकोच करू नये. आमच्याकडे खर्च माणशी विभागला जातो, पाच वर्षांखालील मुलांचे काही धरत नाहीत आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचा निम्मा वाटा धरतात. इंधन व फास्टॅगचा टोल मात्र जेवणाच्या खर्चात मिसळत नाही. तो प्रत्येक गाडीत किती जण बसले यावर वेगळा वाटला जातो. अंदाजे रक्कम आधीच हिशेबनीसाकडे जमा केली, की प्रवासात प्रत्येक दुकानात ‘मी देतो, तुम्ही राहू द्या’ असा आग्रह होत नाही.

खाण्याच्या चालीरीतीही इथेच विचारून घ्याव्यात. कोणी शनिवार पाळतो, कोणाच्या घरी कांदा-लसूण चालत नाही, कोणाला सामिष भांड्यात शिजलेले चालत नाही. आम्ही दोन कुकर नेतो, त्यांतला एक निखळ शाकाहारी ठेवतो आणि त्याच्या दांड्याला हिरवी चिंधी बांधतो. दारूचा विषयही टाळू नये: ज्याच्याकडे मुलांची पाळी आहे किंवा सकाळी गाडी चालवायची आहे त्याने घ्यायची नाही, एवढे तरी सर्वांसमोर ठरावे. आमच्या गटाने ती अजिबात न नेण्याचे ठरवले आणि मला तेच योग्य वाटते.

कधी आणि कुठे

२०२६ साली महाराष्ट्र दिन, म्हणजे १ मे, शुक्रवारी येतो आणि त्याच दिवशी बुद्धपौर्णिमा आहे. तीन दिवसांची सुट्टी सरळ हाती येते आणि रात्री चांदणे भरपूर असते, त्यामुळे लहान मुलांच्या पहिल्या मुक्कामाला हा शनिवार-रविवार चांगला. काजवे पाहण्यासाठीच जायचे असेल, तर मात्र मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यातली, अमावास्येजवळची काळोखी रात्र निवडावी. नर काजवे मादीला खूण देण्यासाठी चमकतात आणि बाहेरच्या उजेडात ती खूण हरवते. म्हणून विजेरीवर लाल जिलेटीन कागद लावावा, गाडीचे दिवे बंद ठेवावेत आणि मुलांना काजवे बाटलीत भरू देऊ नयेत.

घराजवळच्या जागांची पहिली आठवण येऊर आणि कर्नाळ्याची होते. परंतु येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि कर्नाळा हे पक्षी अभयारण्य आहे. तिथे आपल्या मनाने तंबू ठोकता येत नाही. नवी मुंबईच्या कुटुंबांना द्रुतगती मार्गाने पवना धरणाचा काठ सोयीचा पडतो, पण सुट्टीच्या दिवशी तिथे ध्वनिक्षेपक आणि गर्दी दोन्ही असतात. ठाणेकरांसाठी माझी निवड भंडारदरा ही आहे. प्रवरा नदीवरील हे धरण १९२६ साली पूर्ण झाले, जलाशयाच्या भोवती कळसूबाई-रतनगडाचा परिसर आहे, आणि ठाण्याहून अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून असल्यामुळे वनविभागाच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरून पावती जपून ठेवावी आणि वनहद्दीत तंबू लावू नये.

जागा घ्यायची ती गावकऱ्याच्या मालकीच्या शेतात किंवा अंगणाशेजारी. शेंडी आणि आसपासच्या गावांत अनेक कुटुंबे अशी सोय करतात. फोनवर पुढील गोष्टी नेमक्या विचाराव्यात: शौचालय आहे का आणि ते किती पावलांवर आहे, पाणी विहिरीचे की नळाचे, दुपारी सावली कशाची आहे, गाडी तंबूपर्यंत येते का, आणि पाण्याचा काठ किती दूर आहे. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘अगदी लागूनच’ असे आले, तर लहान मुलांच्या गटाने ती जागा सोडून द्यावी. छायाचित्रात सुंदर दिसणारी तीच जागा पालकांना दोन दिवस बसू देत नाही.

तंबू आणि गच्चीवरची तालीम

चार माणसांचा म्हणून विकला जाणारा तंबू प्रत्यक्षात दोन मोठी माणसे आणि दोन लहान मुले यांच्यापुरताच असतो, आणि त्यातही बॅगा बाहेर ठेवाव्या लागतात. आजी-आजोबांना तंबूत जमिनीवरून उठणे जड जाते. त्यांच्यासाठी यजमानांच्या घरातली एखादी खोली किंवा ओटीवरची खाट आधीच सांगून ठेवावी. त्यात त्यांचा कमीपणा काही नाही, उलट गटाचा एक पाय पक्क्या छपराखाली राहतो आणि वादळात त्याचाच आधार होतो.

निघण्याआधीच्या रविवारी सेक्रेटरींची परवानगी घेऊन इमारतीच्या गच्चीवर सर्व तंबू एकदा उभे करावेत. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत, पण कोणती काठी कोणत्या खोबणीत जाते हे कळते, दाराची साखळी (चेन) अडकते का ते दिसते आणि हरवलेल्या खुंट्या मोजता येतात. वरचे पावसाळी आवरण चढवून त्यावर दोन बादल्या पाणी ओतावे. शिवणीतून पाणी झिरपले तर ते ठाण्यातच समजलेले बरे. तळाखाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटे लहान दुमडावी. ती बाहेर डोकावत असेल, तर पावसाचे पाणी तिच्यावर साचून थेट तंबूखाली शिरते.

पाणी आणि जेवण

मे महिन्यात पिण्याचे पाणी माणशी दररोज चार ते पाच लिटर धरावे. पंधरा जणांना दोन दिवसांचे सर्व पाणी गाडीतून नेणे शक्य नाही, म्हणून पहिल्या दिवसाचे वीस लिटरचे चार जार घरून भरावेत आणि पुढचे पाणी गावात भरून, उकळून, गार करून वापरावे. रिकामे झालेले जार टाकून देऊ नयेत, त्यांची झाकणे जपावीत. त्यांचा उपयोग पुढे सांगितला आहे. एखाद्याला उलट्या-जुलाब झाले किंवा उन्हाचा त्रास झाला, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट द्यावे. मीठ अंदाजाने टाकू नये, चमच्याने मोजावे.

जेवणात हौस एका वेळची असावी आणि बाकीच्या वेळा साध्या असाव्यात. पहिल्या सकाळसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या, दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचे ताजे लोणचे घरून न्यावे; हे उन्हात टिकते. दहीभात, खोबऱ्याची ओली चटणी आणि उकडलेले बटाटे दुपारपर्यंत आंबतात, ते नेऊ नयेत. रात्री मुगाच्या डाळीची खिचडी, दुसऱ्या सकाळी भाजणीचे थालीपीठ. दुसऱ्या रात्रीचे जेवण यजमान कुटुंबाकडे सांगावे: नागलीची भाकरी, पिठले, ठेचा आणि भात. त्या घराला त्याचे पैसे मिळतात आणि आपल्या बायकांना एक संध्याकाळ चुलीपासून सुटका मिळते. पुरुषांनी भांडी घासण्याची पाळी मात्र यजमानांवर ढकलू नये. हापूसची पेटी न्यावीच, पण गवतात ठेवून. बंद डिकीत आंबे शिजतात.

घर सोडताना आणि वाटेवर

शेजाऱ्यांच्या सहलीत एक गोष्ट सहसा सुटते. एरवी आपण किल्ली समोरच्या घरी देतो, पण या वेळी समोरचेही आपल्याबरोबरच असतात आणि अख्खा मजला रिकामा राहतो. म्हणून चारही घरांच्या किल्ल्या वेगळ्या मजल्यावरच्या एकाच विश्वासू घरी द्याव्यात, त्यांनाच तुळशीला पाणी घालण्यास सांगावे, दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला आधी कळवावे, आणि सुरक्षारक्षकाला परतण्याची वेळ सांगून ठेवावी.

पहाटे पाचपर्यंत माजिवडा ओलांडलेले असावे. सुट्टीच्या दिवशी सहानंतर भिवंडी वळणमार्गावर अवजड वाहनांमागे तास जातो. शहापूरमार्गे कसारा घाट चढता येतो, किंवा आमणे येथे समृद्धी महामार्गावर शिरून इगतपुरीला उतरता येते. आमणे-इगतपुरी हा समृद्धीचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला, त्यामुळे घाटातली वळणे टळतात आणि गाडी लागणाऱ्या मुलांचे हाल कमी होतात. घोटीहून भंडारदऱ्याचा फाटा घ्यावा. सीएनजीच्या गाड्यांनी टाकी ठाण्यातच भरावी आणि पेट्रोलही पुरेसे ठेवावे. अशा गाड्यांची डिकी टाकीनेच भरलेली असते, म्हणून सामानाची वाटणी करताना कोणत्या गाडीत काय मावते हे आदल्या रात्री प्रत्यक्ष ठेवून पाहावे. शेवटच्या गावानंतर फोनची रेंज अधूनमधून जाते. गाड्यांनी एकमेकींची वाट कुठे पाहायची ती ठिकाणे आधीच ठरवावीत.

तंबू उभारणे

पोहोचल्याबरोबर तंबू ठोकायला धावू नये. दुपारच्या उन्हात तंबूची आतली हवा भट्टीसारखी तापते आणि मुले त्यात खेळायला शिरली तर त्यांना ऊन लागते. दुपार ओटीवर किंवा झाडाखाली काढावी आणि साडेचारनंतर कामाला लागावे. जागा सपाट, किंचित उंचवट्याची आणि पूर्वेला झाडाची किंवा घराची आडोसा-सावली असलेली निवडावी, म्हणजे सकाळी सातलाच तंबू तापत नाही. कोरडा ओहोळ, वाळलेल्या फांद्यांचे झाड आणि एकट्याने उभे असलेले उंच झाड या तीन जागा टाळाव्यात.

जमीन हाताने साफ करावी, खडे वेचावेत, आजूबाजूला बिळे नाहीत ना ते पाहावे. दार वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवावे. खुंटी तंबूपासून बाहेरच्या बाजूला, म्हणजे दोरीच्या ओढीच्या उलट, तिरकी ठोकावी. सरळ ठोकलेली खुंटी जलाशयावरून येणाऱ्या पहिल्याच जोरदार वाऱ्यात उपटून निघते. दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधल्या, की रात्री कोणी अडखळत नाही. तंबू अर्धवर्तुळात, दारे आत करून लावावेत आणि चूल त्यांच्यापासून निदान वीस पावले दूर ठेवावी.

पाण्याची पाळी

हा भाग सर्वात जास्त वेळ देऊन समजून घ्यावा. धरणाचा जलाशय म्हणजे पोहण्याचा तलाव नव्हे. उन्हाळ्यात पाणी मागे सरलेले असते आणि काठावरचा गाळ वरून भेगाळलेला, पण खाली मऊ असतो. मूल दोन पावले आत गेले की गुडघ्यापर्यंत रुतते. तळ अचानक खोल होतो आणि जीवरक्षक कोणी नसतो. आणि बुडणारे मूल ओरडत नाही, कारण त्याचे तोंड पाण्याखाली जात असते. त्यामुळे ‘आवाज आला असता तर धावलो असतो’ हे गृहीत धरणेच चुकीचे आहे.

आमची पद्धत अशी आहे. मुले काठाजवळ असतील तेवढा वेळ एका मोठ्या माणसाच्या डोक्यावर लाल टोपी असते. टोपीवाल्याने गप्पा मारायच्या नाहीत, फोन हातात घ्यायचा नाही, मुले मोजत राहायचे. पाळी अर्ध्या तासाची असते, कारण त्यापेक्षा जास्त वेळ लक्ष टिकत नाही. टोपी देताना तोंडाने बोलावे लागते: ‘वहिनी, आता पाणी तुमच्याकडे, मुले पाच आहेत.’ समोरच्याने ‘माझ्याकडे, पाच’ असे म्हटल्याशिवाय टोपी सोडायची नाही. पहिल्या दिवशी सर्वांना हे अवघडल्यासारखे वाटते. दुसऱ्या दिवशी मुलेच टोपी कोणाकडे आहे ते विचारू लागतात. टोपी रिकामी असेल तर काठावर जायचे नाही, हा नियम मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर पटतो.

मुलांना अंगावर बांधायची तरंगजाकिटे न्यावीत. फुगवायच्या रबरी चकत्या वाऱ्याने मूल आत ओढून नेतात, त्या घरीच ठेवाव्यात. काठावर पंधरा मीटर लांबीची जाड दोरी आणि तिच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला रिकामा जार कायम बांधून ठेवावा. कोणी पाण्यात सापडले, तर हा जार फेकून त्याला ओढायचे. पोहता येत नसलेल्याने, आणि येत असलेल्यानेही, घाईत उडी मारू नये. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघे जातात. संध्याकाळी दिवेलागणीनंतर काठ सर्वांसाठी बंद, मोठ्यांसाठीही.

विस्तव, वीज, विषारी जीव

सरपण गावातून विकत घ्यावे, झाडे तोडू नयेत. राखीव वनात विस्तव पेटवणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, आणि मे महिन्यातले वाळलेले गवत एका ठिणगीने पेट घेते. चुलीभोवतीचे गवत दोन हात खरवडून काढावे, शेजारी भरलेली बादली ठेवावी, आणि झोपण्यापूर्वी निखाऱ्यांवर पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा ओतावे. राखेला हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब लागत नसेल तरच ती विझली असे समजावे. पेटती शेगडी किंवा निखारे उबेसाठी किंवा डासांसाठी तंबूत कधीही नेऊ नयेत. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

वळवाचा पाऊस दुपारनंतर अर्ध्या तासात भरून येतो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे, विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ ॲप निघण्याआधी सर्वांच्या फोनमध्ये घ्यावे, पण रेंज नसेल तेव्हा साधा हिशेब वापरावा: वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस मोजून होत नसतील, तर ताबडतोब पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत जावे. तंबू विजेपासून काहीही संरक्षण देत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

तंबूची साखळी दिवसाही बंद ठेवावी, चपला-बूट झटकून घालावेत, आणि खरकटे आसपास टाकू नये. खरकट्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिच्या दंशाची पुष्कळदा वेदनाही होत नाही. म्हणून पहाटे कोणाला कारण नसताना पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या किंवा बोलणे अडखळले, तर साप दिसला नसला तरी रुग्णालय गाठावे. दंश झालेल्या हाताला किंवा पायाला लाकडी पट्टी बांधून तो हलू देऊ नये, माणसाला चालवू नये. चिरा देणे, रक्त चोखणे, आवळून दोरी बांधणे यांतले काहीही करू नये. १०८ वर रुग्णवाहिकेसाठी फोन करावा, पण ती येण्यास वेळ लागणार असेल तर आपल्या गाडीने निघावे. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे. प्रतिसर्पविष उपलब्ध आहे का, हे औषधांचे काम घेतलेल्या माणसाने निघण्यापूर्वीच फोन करून विचारावे आणि रात्री कोणती गाडी निघेल, कोण चालवेल, हे ठरवून ती गाडी तोंड रस्त्याकडे करून लावावी. विंचवाचा दंशही नुसता सहन करू नये. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून हे रुग्ण वाचू लागले, पण उपचार वेळेवर मिळाला तरच. घाम, उलटी आणि थंड पडलेले हातपाय दिसले की क्षणभरही थांबू नये.

संध्याकाळ

मोठा आवाज करणारे यंत्र नेऊ नये. गावात लोक पहाटे उठून कामाला जातात. दुसऱ्या रात्री, म्हणजे २ मे रोजी, मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट या मातीतच आहे. याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे हे महादेव कोळी समाजातले क्रांतिकारक. त्यांनी इंग्रजी सत्तेविरुद्ध आणि सावकारी जुलमाविरुद्ध बंड उभारले आणि २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. ते कारागृह म्हणजे ठाण्याचा जुना किल्ला. आमची मुले त्या भिंतीजवळून अनेकदा गेली होती. ती भिंत आणि समोरचे डोंगर यांचा संबंध आजोबांनी सांगितला, तेव्हा कोणीही झोपायला जायची घाई केली नाही.

कचरा आणि परतीचा दिवस

ओला कचरा यजमानांना विचारून त्यांच्या उकिरड्यात टाकावा. प्लॅस्टिक, डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन कागदात गुंडाळून, बंद पिशवीत घालून ठाण्यालाच परत आणावेत, कारण गावात त्यांची विल्हेवाट लावण्याची सोय नसते आणि ते ओढ्यात जातात. भांडी व आंघोळीचा साबण जलाशयात वापरू नये. बादलीने पाणी दूर आणून तिथे धुवावे.

रविवारी सकाळी दहापर्यंत निघाले तर संध्याकाळची कोंडी टळते. निघताना मुलांची एक ओळ करून जागेवरून चालवावे आणि सापडेल तो कागद, दोरा, खुंटी उचलायला लावावी. हिशेब त्याच रात्री गटाला पाठवावा, उरलेले पैसे सोमवारीच परत करावेत. तंबू कोरडे दिसले तरी दवाने त्यांच्या शिवणी ओल्या असतात, आणि तसेच बांधून माळ्यावर टाकले तर महिनाभरात बुरशी धरतात. म्हणून सोमवारी संध्याकाळी ते पुन्हा गच्चीवर पसरावेत, उलटसुलट करून वाळवावेत, खुंट्या मोजाव्यात, आणि काय तुटले, काय कमी पडले याची चिठ्ठी लिहून तंबूच्या पिशवीतच ठेवावी.